पेपर मराठीतही होता, मग इंग्रजीतून का दिलास?

लॉच्या प्रवेश परीक्षेबद्दल, म्हणजे सीईटीबद्दल, गेलं वर्षभर हा प्रश्न ऐकतेय. काकांनी विचारला, ऑफिसातल्या दोघींनी विचारला, एमएला मला मराठी शिकवणाऱ्या मॅडमनी तर मुद्दाम फोन करून विचारला. "अगं तू मराठीची ना? लॉची सीईटी मराठीतून देता येते ना? आधी दिली पण होतीस ना मराठीतून? मग आता काय झालं?" प्रत्येक वेळी मी "सोयीचं पडलं" असं काहीतरी पुटपुटते आणि घरी येईपर्यंत करी रोडच्या पुलावर स्वतःवरच चिडलेली असते, कारण सोयीचं अजिबात पडलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी तुमची बाजू, कारण ती एकेकाळी माझीच होती. २०२४ ला मी तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी पहिल्यांदा दिली तेव्हा हट्टाने मराठीतून दिली. क्लासमध्ये साठ-सत्तर मुलं, त्यात मराठीतून देणारे आम्ही चौघं. मी सगळ्यांना सांगायचे की कायदा लोकांच्या भाषेत यायला हवा असेल तर कोणीतरी त्या भाषेतून शिकायला पाहिजे ना, सगळेच इंग्रजीकडे पळाले तर मराठीतली पुस्तकं कोण लिहिणार आणि कोणासाठी. हे मी आजही म्हणते. यातला एकही शब्द मागे घेत नाही. म्हणजे तुम्ही मला जे ऐकवता ते मी आधीच स्वतःला ऐकवलेलं आहे, आणि जास्त कडक शब्दांत.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते.

२०२१ च्या पावसाळ्याआधी आमच्या चाळीच्या गॅलरीला टेकू लावले. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, आजोबांच्या वेळेपासूनची पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेली जुन्या भाड्याची, भाडेपावत्या सगळ्या बाबांनी रेक्झिनच्या पिशवीत वर्षावार लावून ठेवलेल्या. मालकाकडून माणूस आला, म्हणाला दुरुस्ती करायचीय, तोपर्यंत तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली रिकामी आहे तिथे राहा, काम झालं की परत खाली. त्यासाठी एक कागद होता. चार पानं, इंग्रजीत. बाबा आठवी शिकलेले, प्रेसमध्ये जन्म गेला, खिळे जुळवत होते तेव्हापासून, म्हणजे उलटं अक्षर वाचणारा माणूस, पण इंग्रजी नाही. त्यांनी तो कागद माझ्याकडे दिला. "बाय, वाच गो जरा, काय म्हणतंय ते."

मी वाचला. खरंच वाचला, चारही पानं, नुसता चाळला नाही. एमए झालेली मुलगी, घरात सगळ्यात शिकलेली, मला वाचता येत होतंच. त्यात बाबांच्या नावापुढे जागोजागी एक शब्द होता, लायसेन्सी. मी मनात म्हटलं लायसेन्सी म्हणजे परवाना असलेला, म्हणजे ज्याला राहायची परवानगी आहे तो, बरोबरच आहे की, आपल्याला त्या खोलीत राहायची परवानगी देतायत. अकरा महिने लिहिलं होतं, मला वाटलं दुरुस्तीला तेवढा वेळ धरला असेल. बाबा दारात उभे होते, खाली तो माणूस थांबलेला, शेजारच्यांच्या सह्या झालेल्या. मी म्हटलं, "ठीक आहे बाबा, करा सही." त्यांनी एकदाही उलटून विचारलं नाही. शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, प्रत्येक पानावर सही केली, मी पान उलटत होते.

मी पान उलटत होते हे मला अजून झोपेत दिसतं.

खालच्या खोलीची दुरुस्ती झालीच नाही. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात नोटीस आली की तुमच्या लायसन्सची मुदत संपलीय, तिसऱ्या मजल्यावरची खोली खाली करा. ती पण इंग्रजीत. धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टाबाहेर एका वकिलांना कागद दाखवला, त्यांनी पहिलंच पान बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, हे कोणी वाचलं होतं का सही करण्याआधी? बाबा काही बोलायच्या आत मी म्हणाले, मी. ते मग माझ्याशी सौम्यपणे बोलायला लागले, ते जास्त वाईट वाटलं. त्यांनी सांगितलं की भाडेकरू वेगळा आणि लायसेन्सी वेगळा, भाडेकरूचा जागेत हक्क तयार होतो, त्याच्या पाठीशी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा उभा असतो, लायसेन्सीला फक्त तिथे असण्याची मुभा असते, ती संपली की संपली, लायसन्स म्हणजे काय ते इझमेंट्स ॲक्ट १८८२ च्या कलम ५२ मध्ये दिलंय. नुसतं कागदावर काय नाव घातलंय त्यावरून कोर्ट ठरवत नाही, पावत्या आहेत, खालची खोली तुमचीच आहे, लढता येईल, पण जे आत्तापर्यंत गृहीत होतं ते आता तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. केस अजून चालू आहे. घरी जाताना टॅक्सीत बाबा एवढंच म्हणाले, "तुला तरी काय माहीत असणार." त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यासमोर कधी काढला नाही.

म्हणून लॉ. कोणी म्हणतं करिअर चेंज, कोणी म्हणतं एकोणतिसाव्या वर्षी कसलं खूळ. या कोर्सला वयाची अट नाही, मी तपासलंय, कृपा करून ते मला सांगू नका.

आता तुम्ही म्हणाल की मग पहिल्याच वेळी इंग्रजीतून का नाही दिली, कागद तर इंग्रजीतच होता. कारण तेव्हा मी उलटा निष्कर्ष काढला होता. मला वाटलं तो कागद मराठीत असता तर बाबांनीच वाचला असता, माझ्यापर्यंत आलाच नसता, म्हणजे दोष इंग्रजीचा आणि उपाय मराठी. मी त्या रागाने मराठीतून अभ्यास केला. सकाळी सात ते नऊ नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, मग अंधेरीला ऑफिस, येताना लेडीज डब्यात उभ्याने कलमं पाठ.

आणि तिथे एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली जी मला मान्य करायची नव्हती. कायद्याची मराठी ही एक भाषा नाहीये. एक आहे ती गावच्या कचेरीतली, कूळ, वहिवाट, गहाण, साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र. हे शब्द माझ्या आजीला कळायचे, ती कधी शाळेत गेली नाही तरी, कारण त्या शब्दांवर तिची जमीन गेली आणि आली. आणि दुसरी आहे ती कोशात बसून तयार केलेली. अपकृत्य. क्षतिपूर्ती. प्रतिफल. अनुज्ञप्ती. लायसेन्सीला मराठीत काय म्हणतात माहितीये? अनुज्ञप्तिधारक. समजा त्या दिवशी तो कागद शुद्ध मराठीत आला असता आणि त्यात माझ्या वडिलांना अनुज्ञप्तिधारक म्हटलं असतं, तर एमए मराठी असलेल्या मला कळलं असतं का? मी तरी पानच उलटलं असतं ना?

या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. कधी वाटतं की हो, निदान थांबले असते, अडखळले असते, परका शब्द आपल्या भाषेत जास्त टोचतो. कधी वाटतं नाही, काही फरक पडला नसता.

क्लासच्या एका मॉकमधलं, म्हणजे सराव परीक्षेतलं सांगते. मराठी पेपरात प्रश्न होता, "विचाराविना केलेला करार" कसा असतो, चार पर्याय. पहिल्या वर्षी पॅटर्न होता १५० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. मी त्या एका ओळीपाशी दोन-तीन मिनिटं बसून राहिले. विचाराविना केलेला करार म्हणजे विचार न करता घाईघाईत सही केली तो, असंच माझ्या डोक्यात आलं, आणि मला दारातले बाबा दिसायला लागले आणि पुढचं काही सुचेना. नंतर कळलं की तो कन्सिडरेशनचा प्रश्न होता, १८७२ च्या करार कायद्यातला, मोबदला नसलेला करार, प्रतिफलाविना असं हवं होतं आणि कोणीतरी कन्सिडरेशनचं विचार करून टाकलं होतं. क्लासच्या सरांना दाखवलं तर म्हणाले, "अगं इंग्रजी प्रश्न बघायचा ना शेजारचा." बस एवढंच. मराठीतून देणाऱ्याने अडलं की इंग्रजी बघायचं, हा तिथला नियमच होता. आणि मी भांडले नाही, गप्प जागेवर जाऊन बसले, याचा मला अजून राग आहे.

त्या वर्षी मनासारखं कॉलेज मिळालं नाही. दोष भाषांतराचा असं मी म्हणणार नाही, जीकेत, म्हणजे सामान्य ज्ञानात, माझी वाट लागली होती आणि इंग्रजीचा विभाग तर कसाही इंग्रजीतच असतो, १५० पैकी ५० मार्क, नंतर पॅटर्न १२० चा झाला तेव्हा ४०, म्हणजे तिसरा हिस्सा. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी मी प्रश्न सोडून आले होते कारण वेळच उरला नाही.

मग १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. दंड संहितेच्या ५११ कलमांतली जी मी पाठ केली होती ती गेली, भारतीय न्याय संहिता आली, ३५८ कलमांची. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८. तसंही सगळं पहिल्यापासून पाठ करायचं होतं, आणि त्याच सुमारास मी ठरवलं की यावेळी इंग्रजीतून. ऑक्टोबरच्या तीन तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस, मला तर पर्सनल मेसेज आले कारण मी मराठीवाली. त्या रात्री मी इंग्रजी नोट्सना कव्हर घालत होते. मला आनंद झाला होता हो, खरा झाला होता, डोळे भरून आले होते. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर होत्या, याला मी काय करू?

का ठरवलं ते सांगते. वकिलांकडे आमच्या केसमध्ये उपयोगी पडतील म्हणून काही निकाल वाचत होते. सुप्रीम कोर्टाच्या काही निकालांची आता मराठी भाषांतरं मिळतात, मी हौसेने तीच आधी उघडली. तर शेवटी टीप. की हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत समजावं एवढ्यापुरतंच आहे, बाकी सगळ्या कामांसाठी इंग्रजी निकालच अधिकृत. मी ती टीप चार वेळा वाचली. म्हणजे मराठीतला मजकूर माझ्या वडिलांसाठी, आणि त्यांच्याबद्दल जे ठरणार ते दुसऱ्या मजकुरात. खालच्या कोर्टात मराठी चालते, साक्षी मराठीत होतात, पण हायकोर्टात आणि त्याच्या वर इंग्रजी, संविधानाचं कलम ३४८ तसं सांगतं. बाबा ज्या बाजूला उभे आहेत त्याच बाजूला मी पण जाऊन उभी राहिले तर त्यांना पलीकडचं वाचून कोण दाखवणार? एकदा चुकीचं वाचून दाखवलंय मी. दुसऱ्यांदा मला चुकायचं नाही.

यावर २०२४ ची मी म्हणेल, आणि तुम्हीही म्हणाल, की असं प्रत्येकजण पलीकडे गेला तर ती टीप कधी निघणार? बरोबर आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही. माझ्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुझ्यासारख्याच जर असं करायला लागल्या तर," आणि वाक्य सोडून दिलं. ते सोडलेलं वाक्य मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. पण मॅडम, तुमच्या घरी नोटीस आली नव्हती. हे मी तेव्हा बोलले नाही, आत्ता बोलते, आणि बोलल्यावर हेही जाणवतंय की हे थोडं अन्यायाचं आहे, कारण त्यांनीच मला शब्दापाशी थांबायला शिकवलं होतं आणि मीच नेमकी थांबले नव्हते.

यावेळी मुंबईतच कॉलेज मिळालं. चर्चगेटचं गव्हर्मेंट लॉ कॉलेज नाही, १८५५ सालचं ते, जिथे बाबासाहेबांनी शिकवलं आणि प्राचार्य होते, ते मनात होतं पण थोडक्यात राहिलं. जे मिळालं ते चांगलं आहे. रात्री जेवणं झाली की बाबांना आमच्या केसची कागदपत्रं वाचून दाखवते, आधी इंग्रजी ओळ, मग तिचं मराठी, माझं मराठी, कोशातलं नाही. लायसेन्सीला मी त्यांना "वापरापुरता" म्हणून सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे पाहुणा." मला एवढा नेमका शब्द कुठल्याच पुस्तकात मिळाला नव्हता. वहीत लिहून ठेवलाय.

माझी मामेबहीण यंदा बारावीला आहे, तिला पाच वर्षांच्या लॉची सीईटी द्यायचीय. मराठी शाळेतली, इंग्रजी बरं आहे. माझी दोन्ही वर्षांची पुस्तकं मी तिला देऊन टाकली, मराठीतली आणि इंग्रजीतली, आणि तिने दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून विचारलं, "ताई, यातलं कुठलं वाचू?" तीन आठवडे झाले त्याला. दर रविवारी ती विचारते आणि दर रविवारी मी पुढच्या रविवारी सांगते म्हणते.