थर्टी-ओ-सिक्सचा धक्का आणि उद्यमनगरात बनवलेला स्टँड

वडिलांच्या पश्चात त्यांची थर्टी-ओ-सिक्स, म्हणजे मोठ्या, जोरदार काडतुसाची रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली, तेव्हा माझा उजवा खांदा पूर्वीसारखा राहिलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून कॉलर बोन मोडले होते. हाड जुळले, पण त्यावर जोराचा दाब आला की कळ मानेपर्यंत जात असे. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी पाच काडतुसे उडवली आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्यामुळे सहावे हातात घेऊन तसेच परत ठेवले.

कोल्हापुरात रायफल म्हटले की तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे डोळ्यांसमोर येतात. २०१० साली म्युनिकला तेजस्विनीने ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणले, त्यामुळे इथल्या पोरांना नेमबाजीची ओळख आहे ती पॉइंट टू-टू या लहान काडतुसाच्या रायफलची. तिची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने निघते. धक्का असा फारसा जाणवतच नाही. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर, शिवाय गोळीमागून नळीतून सुटणाऱ्या वायूचा जोर वेगळाच. हे सगळे धरून हिशेब केला तर मागे येणारा संवेग पॉइंट टू-टूच्या जवळजवळ पंधरापट भरतो आणि तो सोसायला रायफल असते जेमतेम चार किलोची.

धक्क्यापेक्षा वाईट होती ती त्याची धास्ती. रेंजवरच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये अधेमधे डमी, म्हणजे बार न होणारी काडतुसे भरली. डमीवर चाप दाबताच नळीचे तोंड वीतभर खाली गेले आणि खांदा आपोआप पुढे आला, तो माझा मलाच स्पष्ट दिसला. बार उडतो तेव्हा ही चूक आवाजात आणि धक्क्यात झाकली जाते. डमीवर ती लपत नाही. आधी धास्ती घालवायची आणि मग नेम पाहायचा, हे त्या दिवशी ठरले.

परदेशात धक्का कमी करण्यासाठी तयार स्टँड मिळतात. पुढे रायफलचा पुढचा लाकडी भाग टेकवायला उशी, मागे बट, म्हणजे खांद्याला लागणारे टोक, बसवायला खोबण, दोहोंना जोडणारी लोखंडी चौकट आणि चौकटीवर वजने ठेवायला तबक, अशी त्यांची रचना असते. मी तसाच एक शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात चौकोनी पाइपचा करून घेतला. उंची कमीजास्त करायला पुढे आट्यांचा स्क्रू बसवला. मागच्या खोबणीसाठी आणि पुढच्या उशीसाठी चामडे मात्र चपला करणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतले. त्यांनी दुहेरी टाका घालून पिशवी इतकी घट्ट शिवली, की आत भरलेल्या वाळूचा एक कणही आजवर बाहेर आलेला नाही. वजनासाठी तालमीतल्या जुन्या लोखंडी प्लेटा आणल्या.

यातले तत्त्व सोपे आहे. संवेग तेवढाच राहतो, पण त्याला ढकलावे लागणारे वजन वाढले की मागे येण्याचा वेग आणि त्याबरोबर ऊर्जाही कमी होते. स्टँडचे पाच किलो आणि वर ठेवलेल्या प्लेटांचे दहा किलो, असे पंधरा किलो रायफलच्या चार किलोंत मिळवले की खांद्याकडे येणारी ऊर्जा एक पंचमांशावर येते. पहिल्या दिवशी मी वीस काडतुसे उडवली. खांदा दुखला नाही आणि शेवटच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. त्या संध्याकाळचा आनंद मला अजून आठवतो.

चूक त्यापुढची. कारखान्याचे मालक म्हणाले होते, ‘‘सर, वजन वाढवाल तेवढा धक्का कमी. घाला की चाळीस किलो!’’ मला ते पटले. चाळीस किलो चढवले, वर स्टँड टेबलाला क्लॅम्पने आवळला. रायफल जागची हललीच नाही. तिसऱ्या दिवशी दस्ता, म्हणजे रायफलचा लाकडी भाग, पुसताना पितळी भांड्याला जातो तसा केसाएवढा तडा बोटाला लागला, अॅक्शनच्या (काडतूस भरून उडवणाऱ्या लोखंडी यंत्रणेच्या) मागच्या टोकाशी, अक्रोडाच्या लाकडात, रेषेच्या दिशेने दीड इंच गेलेला. वडिलांनी चाळीस वर्षे तेल लावून जपलेला तो दस्ता होता.

परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘सर, बंदूक मागं सरायला बघती. तुम्ही तिला सरूच दिलं नाही, मग सगळा ताण लाकडानं सोसायचा. खांदा कसा, मागं जातो आणि पुन्हा येतो. हे लोखंड जात नाही.’’ त्यांनी तडा अॅरल्डाइटने भरला, धक्का जिथे लाकडावर टेकतो ती खाच नीट बसवून घेतली आणि अॅक्शनच्या मागे मिलिमीटरभर फट ठेवली, म्हणजे तिथे लोखंड लाकडाला पाचरीसारखे फाडणार नाही. जड रायफल स्टँडवर ठेवणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः जुना लाकडी दस्ता असेल तर, ही जागा आधी तपासून घ्यावी.

आता दहा किलोंच्या वर मी जात नाही आणि क्लॅम्प लावत नाही. बार झाला की स्टँड टेबलावर दोन-तीन बोटे मागे सरकतो, तो सरकू देतो. नळी उशीवर कधीच टेकवत नाही, पुढचे लाकूडच टेकवतो. पट्ट्याची कडी उशीला अडणार नाही हे पाहतो, आणि दुर्बिणीपासून भुवई पुरेशी मागे ठेवतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. स्टँडवर शंभर मीटरला अचूक जुळवलेली रायफल हातात धरून उडवली, तेव्हा गोळ्या तीन इंच वर लागल्या. गोळी नळीतून सुटण्याआधीच रायफल हलू लागलेली असते आणि ती किती उठते हे तिला कशाने धरले आहे त्यावर ठरते. त्यामुळे काडतूस निवडायला आणि दुर्बीण ढोबळ जुळवायला स्टँड, आणि शेवटची जुळवणी मात्र खांद्याला लावून, असे मी ठरवले आहे. त्यासाठी पाच गोळ्या पुरतात, आणि पाच गोळ्या हा खांदा आता धास्तीशिवाय सोसतो.

रायफल पेटीत ठेवण्याआधी अॅक्शनमागच्या त्या जागेवरून अंगठ्याचे नख फिरवतो. मिस्त्रींनी भरलेली रेषा नखाला लागत नाही, तेव्हाच कुलूप लावतो.