सहा गिटारी, एक खिळा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला जाणार ही चर्चा अकरा वर्षं चालू होती, त्यामुळे ती खरंच जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं. मग एप्रिलमध्ये नोटीस लागली: ३१ ऑगस्टपर्यंत घरं रिकामी करा. भाडं बिल्डर देणार, ब्रोकरेज बिल्डर देणार, टेम्पोचे पैसेसुद्धा बिल्डर देणार. गिटारींचं काय करायचं हे मात्र करारनाम्याच्या बेचाळीस पानांत कुठेच नव्हतं.

भाड्याने मिळालेला फ्लॅट वाघबीळला, वन बीएचके. त्यात आई, आम्ही दोघं आणि दहावीत गेलेली लेक. घरमालक सज्जन, पण भिंतींच्या बाबतीत फार हळवा. नुकताच रंग काढलेला. "खिळे तेवढे नकोत," हे त्याने चहा संपेपर्यंत चार वेळा सांगितलं. बायकोने बोलून बोलून दोन खिळे मंजूर करून घेतले. एक कालनिर्णयला, एक माझ्या गिटारला. जमिनीवर स्टँड ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे रात्री आईची गादी पडणार होती. बाकीच्या पाच गिटारी डोंबिवलीला मेहुण्याकडे.

"सोपं आहे बाबा," लेक म्हणाली. "जी आवडती, ती ठेव."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीस वर्षं गिटार वाजवतोय, सहा जमवल्यात, माळ्यावरचे हंडे हलवून त्यांना जागा केली, आणि आवडती कोणती ते सांगता येत नाही!

पहिली १९९६ची, कलकत्ता बनावटीची. मी अकरावीत असताना वडिलांनी घेऊन दिलेली. तिच्या मानेत ट्रस रॉडच नाही, म्हणजे मान सरळ ठेवणारी ती लोखंडी सळई. त्यामुळे तारांच्या ताणाने मान इतकी पुढे आली आहे की बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तारेखालून पेन्सिल सरकते. मी हिच्यावर एफ कॉर्ड शिकलो. नंतर कुठल्याच गिटारवर एफ कॉर्ड अवघड वाटली नाही.

दुसरी यामाहा एफ३१०, २००४ साली पहिल्या पगारातून धोबीतलावच्या फुर्ताडोजमधून घेतलेली. फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान १८६५चं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याला तेव्हा बाराच वर्षं झाली होती. ती गाडी आणखी थोडी मोकळी असणार. मी गिटार घेऊन सहाच्या फास्टला चढलो, आणि सीएसटी ते ठाणे ती डोक्यावर आडवी धरून उभा होतो. एका काकांनी भायखळ्याला खालून हात लावला आणि मुलुंडला उतरेपर्यंत काढला नाही.

बारा तारांची एक आहे. तिच्यात ई आणि बी या बारीक तारांच्या जोड्या एकाच सुरात, आणि उरलेल्या चार जोड्यांत एक तार सप्तकाने वर. ऐकायला पाऊस पडल्यासारखी. ट्यून करायला वीस मिनिटं, आणि ट्यून होईपर्यंत वाजवायची इच्छा गेलेली असते. एक इलेक्ट्रिक, स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची. आमच्या इमारतीचं अर्थिंग देवाच्या भरवशावर, त्यामुळे तिचे सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी चुंबकं, विजेची ५० हर्ट्झची घरघर इमानेइतबारे पकडतात. एक यामाहा सी४०, नायलॉनच्या तारांची, लेकीसाठी घेतलेली. चार महिने ती वाजवायची, नंतर मी.

आणि सहावी. कॉलेजातल्या मित्राने २०१६ साली परदेशातून आणून दिलेली. वरचा फळा अखंड स्प्रूसचा, पाठ आणि बाजू शिसवीच्या. शिसवीचं मला विशेष वाटतं. ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं झाल्यावर मार्टिनसारख्या अमेरिकन गिटार कंपनीने १९६९ साली आपल्याकडचं शिसव वापरायला सुरुवात केली, आणि बघता बघता दक्षिणेतल्या जंगलातलं लाकूड जगभरच्या गिटारींच्या पाठीला लागलं. ते समुद्र ओलांडून गेलं आणि माझ्या केसमध्ये बसून परत आलं. पुनर्विकासाच्या गडबडीत आजीचं शिसवी कपाट आम्ही भंगारवाल्याला आठ हजारांना दिलं, ते वेगळंच.

तर निवड. मी ऑफिसात एक्सेलमध्ये पोट भरणारा माणूस, म्हटलं आकडे गोळा करू. मे महिनाभर रोज रात्री जी गिटार हातात घेतली, तिचं अक्षर कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचं. ३१ दिवसांचा हिशेब: नायलॉन १९, एफ३१० आठ, शिसवी तीन, इलेक्ट्रिक एक. बारा तारा शून्य. कलकत्ता शून्य.

निकाल लागला असं समजून मी लेकीला चौकोन दाखवले. तिने दिवाणाकडे बोट केलं. नायलॉनवाली दिवाणावर उघडी पडलेली असते. बाकीच्या केसमध्ये, केस माळ्यावर, माळ्याला स्टूल लागतं, आणि स्टुलावर इस्त्रीचे कपडे. एवढा महिना मी माझा आळस मोजत होतो. जूनमध्ये मग सगळ्या खाली काढून हॉलमध्ये भिंतीला टेकवल्या. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने पायाची करंगळी आपटून घेतली, आणि आकडे पार बदलले. नायलॉन दोनवर आली. चढाओढ उरली एफ३१० आणि शिसवी या दोघींत.

आता या दोघींत किमतीचा फरक सहापट. एफ३१०चा वरचा फळा प्लायचा, म्हणजे पातळ थर चिकटवलेला. गिटारवाल्यांच्या गप्पांत 'प्लाय' हा शब्द नाक मुरडूनच उच्चारतात, आणि मीही वीस वर्षं मुरडत आलोय. म्हटलं, न बघता ऐकून ठरवू. दोघींना एकाच कंपनीच्या नव्या तारा लावल्या, १२ ते ५३ मापाच्या. या मापाच्या सहा तारांचा मिळून ७० किलोच्या वर ताण असतो. फळ्यावर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज; एक धडधाकट माणूस चोवीस तास त्याला लटकलाय असं समजा. रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभा राहिलो. हॉलमध्ये लेक दोन्हींपैकी कोणतीतरी घेऊन ई मायनर आणि सी वाजवणार, मी ओळखणार. असं दहा वेळा. आई बाजूला पाटावर गवार निवडत होती.

दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

त्यापेक्षा वाईट म्हणजे चौथ्या खेपेला मी ठामपणे "एफ३१०!" म्हटलं, आणि आई मान वर न करता म्हणाली, "नाही रे. ही शिसवीची. हिचा सूर उशिरा संपतो." लेक हॉलमधून ओरडली, "आजी बरोबर!" आईने गिटार कधी हातात धरलेली नाही. पण वीस वर्षं भजनी मंडळात तंबोऱ्याशेजारी बसून काढलीत. मी सूर सुरू कसा होतो ते ऐकत होतो, ती तो जातो कसा ते ऐकत होती. उरलेल्या सहा खेपांत तिने पाच ओळखल्या.

मग मत शिसवीला द्यायचं ना? थांबा. या बाईची आणि ठाण्याच्या पावसाची कुंडली जुळत नाही.

अखंड लाकडाची गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा असं बनवणारे सांगतात. माझ्या खोलीतला मीटर जुलैत ८८ दाखवतो. लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं, ब्रिजच्या मागे फळ्याला पोट सुटतं. पोट सुटलं की ब्रिज वर येतो, ब्रिजबरोबर तारा वर येतात. मेमध्ये बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर असलेलं अंतर जुलैअखेर साडेतीनच्या जवळ जातं. एक मिलिमीटर म्हणजे काय हे डाव्या हाताच्या करंगळीला विचारावं. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो फळा एवढा हलत नाही. एफ३१० बारा महिने तेरा काळ तशीच असते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत मी शिसवी एका कारागिराकडे नेली. त्याने ब्रिजवरची हाडाची पट्टी, सॅडल म्हणतात ती, घासून खाली आणली. तारा लोण्यासारख्या बसल्या. मी खूश. त्यानेही ऋतू विचारला नाही आणि मीही बोललो नाही. डिसेंबरात हवा कोरडी झाली, पोट आत गेलं, आणि तारा फ्रेटवर आपटायला लागल्या. जरा जोरात वाजवलं की जी तार झणझणायची. आई म्हणाली, "हिला जवारी आली." तंबोऱ्याला जवारी यावी म्हणून सूत सरकवत बसतात, मला ती घालवायची होती. शेवटी दुसरी, जरा उंच सॅडल करून घेतली. तेव्हापासून माझ्याकडे दोन सॅडल आहेत, एक पावसाळी, एक हिवाळी. जी लावलेली नसेल ती काडेपेटीत. मृगाच्या सुमाराला एक बसवायची, दिवाळीनंतर दुसरी. तारा सगळ्या सैल करायच्या, पट्टी उपसायची, दुसरी बसवायची, परत ताणायच्या. स्वेटर आणि छत्री काढून ठेवावी तसं.

वाघबीळचा फ्लॅट खाडीच्या अंगाला, भिंत न्हाणीघराला लागून, खिळा एक. रात्री लेक अभ्यासाला बसणार, त्यामुळे वाजवणार ते हळूच, आणि हळू वाजवण्यात सूर उशिरा संपतो की लवकर याने काय फरक पडतो? मी एफ३१० निवडली. सगळं तिच्या बाजूने होतं. बायको म्हणाली, शहाणा निर्णय. लेकीने विचारलं, "फायनल?" मी म्हटलं, "फायनल." आईने मात्र मत दिलं नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी पाच गिटारी छोट्या टेम्पोत घालून कळवा, मुंब्रा, शीळफाटा करत डोंबिवलीला नेल्या. शीळफाट्याच्या खड्ड्यांत बारा तारांची केसमध्येच वाजत होती. प्रत्येकीच्या तारा दोन-दोन सूर उतरवलेल्या, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, वर मार्करने नाव. मेहुण्याला बजावलं की उभ्या ठेव, वर गाद्या रचू नकोस, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवू नकोस, आणि मुख्य म्हणजे केस उघडू नकोस. "नाही हो भाऊजी, हात कोण लावतंय," तो म्हणाला. त्याचा आठ वर्षांचा मुलगा दारात उभा राहून केसच्या कड्या मोजत होता.

नव्या घरात एफ३१० खिळ्यावर छान दिसते. सप्टेंबरच्या मुसळधार पावसातही सूर सोडला नाही. रोज रात्री अर्धा तास वाजवतो. तक्रारीला जागाच नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मेहुण्याला फोन केला, संक्रांतीला जेवायला येताय का विचारायला. तिकडे मागे गिटार वाजत होती. ई मायनर, मग बराच वेळ काही नाही, मग सी. सूर जवळपास बरोबर लागला होता, म्हणजे कुणाला तरी मोबाईलवरचा ट्यूनरही सापडला होता. फोनमधून खर्ज येत नाही, सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. तरी जोरात मारल्यावर जी तार झणझणली. आणि मारणाऱ्याचा हात थांबल्यावर सी कॉर्ड हवेत राहिली, राहिली, आणि मग गेली.

"कोण वाजवतंय रे?"

"कुठे काय भाऊजी. टीव्ही चालू आहे."

"टीव्हीला म्हणावं, जरा हळू मार. सॅडल पावसाळी आहे तिच्यात."

तिकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "ठेव, ठेव ती आत."

"आत नको ठेवायला लावूस," मी म्हटलं. "आज घरीच आहात ना?"

ड्रॉवरमध्ये पासबुकांच्या खाली काडेपेटी होती. हलवून पाहिली, आत हाडाची पट्टी खडखडली. ती खिशात टाकली आणि लेकीला म्हटलं, मेगाब्लॉक किती वाजता सुरू होतो ते बघ.