ग्रीनवुडच्या फुटपाथवर इतिहासाचा तास

ग्रीनवुड ही अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातली कृष्णवर्णीयांची वस्ती, 1921 मध्ये गोऱ्या जमावाने जाळलेली. टल्सातल्या शाळेत अकरावीला ती शिकवायची म्हणजे आधी नकाशे नीट छापून घ्यायचे. 1915 चा सॅनबोर्न नकाशा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतो. आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांसाठी काढलेला, म्हणून आपल्या सिटी सर्व्हेच्या नकाशापेक्षा बोलका. गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड, 'डी' म्हणजे राहतं घर, 'एस' म्हणजे दुकान. झेरॉक्स काढली की गुलाबी आणि पिवळं दोन्ही करडं होतं आणि नकाशाचा अर्धा उपयोग जातो. प्रिंटरचं 'फिट टु पेज' चालू राहिलं तर 1 इंचाला 50 फूट हे प्रमाण बिघडतं, मग मुलं पट्टीने मोजून भलतीच अंतरं सांगतात.

त्या दिवशी एका गटाने स्ट्रॅडफर्ड हॉटेल शोधायला घेतलं. 54 खोल्यांचं, मालक कृष्णवर्णीय, पत्ता 301 नॉर्थ ग्रीनवुड. नकाशावर ते हॉटेलच नाही. "म्हणजे लोकांनी फुगवून सांगितलंय," एक मुलगा म्हणाला. मी काही बोलले नाही, फक्त नकाशावरचं साल वाचायला लावलं. हॉटेल उघडलं 1918 मध्ये. पुराव्याचं साल आधी, निष्कर्ष मागाहून. हे फळ्यावर लिहून कधीच डोक्यात जात नाही, असं अडखळल्यावर मात्र जातं.

आकडे देताना ते कोणी मोजले हेही शेजारी लिहावं लागतं. 31 मे आणि 1 जून 1921 ला गोऱ्या जमावाने 35 ब्लॉक, म्हणजे रस्त्यांमधले वस्तीचे चौकोन, जाळले. रेड क्रॉसने जळालेली घरं मोजली 1,256. मृतांचा तेव्हाचा सरकारी आकडा 36, इतिहासकारांचे अंदाज 300 पर्यंत जातात. एकच आकडा दिला की सगळा तास त्यावरच्या वादात जातो.

ओक्लाहोमात 2021 पासून वंशाबद्दल काय शिकवायचं यावर बंधनं घालणारा कायदा आहे. तेव्हापासून काही शिक्षक हा धडा 'दंगल झाली, वाईट झालं' एवढ्यावर उरकतात. वास्तविक राज्याच्या अभ्यासक्रमात हे हत्याकांड नावानिशी आहे आणि अभ्यासक्रमातलं शिकवायला तो कायदा मनाई करत नाही. दोन्हींच्या प्रती मी फाइलला लावून ठेवते. पालकांचा फोन आला की पान उघडून दाखवायचं.

दुपारी ग्रीनवुड अव्हेन्यूवर गेलो. फुटपाथमध्ये धातूच्या छोट्या पाट्या बसवलेल्या आहेत: धंद्याचं नाव, 1921 ला नष्ट, आणि खाली 'पुन्हा उघडलं' किंवा 'पुन्हा उघडलं नाही'. वाकून वाचणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मिस, पुन्हा उघडलं म्हणतात, मग आत्ता कुठंय?" समोर आंतरराज्य महामार्ग 244 चा पूल होता.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथवर पोचतच नाहीत. आगीनंतर आठवड्याभरात नगरपालिकेने नियम काढला की इथे अग्निरोधक बांधकामच करायचं. ज्यांचं सगळं जळालं त्यांना ते परवडणारं नव्हतं. बी. सी. फ्रँकलिन या वकिलाने तंबूत कचेरी थाटली, आणि तो नियम कोर्टाने रद्द ठरवला. विमा कंपन्यांनी पॉलिसीतल्या दंगलीच्या कलमावर बोट ठेवून हात वर केले. तरीही लोकांनी स्वतःच्या बळावर बांधलं. 1925 मध्ये नॅशनल निग्रो बिझनेस लीग या कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या संघटनेचं अधिवेशन टल्सात भरलं. वस्तीचा कणा मोडला तो नंतर, शहरी पुनर्विकास आणि या महामार्गामुळे.

परत आल्यावर ट्रेसिंग पेपर काढले. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना मुलं उत्तरेकडच्या रस्त्यांची नावं जुळवत बसतात आणि फसतात, कारण मधले रस्ते तुटलेत. दक्षिणेचे फ्रिस्को रेल्वेचे रूळ आणि ग्रीनवुड–आर्चरचा चौक, हे दोन धरायचे. दोन्ही नकाशांचं प्रमाण आधी एक करून घ्यायचं. मग महामार्ग लाल पेन्सिलीने उतरवायचा आणि त्याखाली येणारे 'डी' आणि 'एस' मोजायचे.

पुढच्या तासाला शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवाशांची आणि धंद्यांची नावं-पत्ते देणारी पुस्तकं. स्ट्रॅडफर्ड घेऊन उपयोग नाही, ते परत बांधलंच गेलं नाही. 'पुन्हा उघडलं' लिहिलेल्या पाटीवरचं नाव घ्यायचं आणि दर पाच वर्षांची डिरेक्टरी पाहत पुढे जायचं. एका गटाला दोनच नावं द्यावीत; जास्त दिली तर तास पुरत नाही.