वीस डॉलरची चाल

दिवाळीत तीन पत्ती खेळत मोठा झालेल्या माणसाला पोकर सोपा वाटतो. मलाही वाटला. सॅन होजेत नोकरीला आल्यावर एका शुक्रवारी ऑफिसातल्या दोघांबरोबर जवळच्या कार्डरूममध्ये गेलो, ३०० डॉलरच्या चिप्स घेतल्या आणि १-३ च्या टेबलावर बसलो. म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांना टाकावा लागणारा ब्लाइंड, छोटा १ डॉलरचा, मोठा ३ चा. खेळ नो-लिमिट होल्डेम: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, आणि किती लावायचे याला वरची मर्यादा नाही. पुढचे काही महिने जवळजवळ दर खेपेला हात हलवत परत आलो आणि दोष पानांना देत राहिलो.

त्यातला एक डाव अजून पाठ आहे. माझ्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा. मी रेज केला, म्हणजे रक्कम वाढवून १५ केले. दोघं आले, म्हणजे तेवढेच टाकून डावात राहिले: एक टोपीवाला पोरगा आणि एक निवृत्त गोरे गृहस्थ, ज्यांना मी मनातल्या मनात काका म्हणायचो. कार्डरूमने आपलं कापून घेतल्यावर पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ४५ उरले. फ्लॉपला, म्हणजे मधे उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. मी १५ लावले, दोघंही आले, पॉट ९०. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, इस्पिक पंजी. मी २० लावले. काकांनी पानं टाकली, पोरगा राहिला. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, बदाम दश्शी पडली आणि त्याने शांतपणे १०० पुढे सरकवले. मी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, तो घाबरलाय असं स्वतःला पटवलं आणि कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. त्याच्याकडे बदामाचे गुलाम आणि अठ्ठी. फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, माझ्या राजांच्या जोडीपेक्षा भारी. एका डावात १५० गेले.

घरी येताना गाडीत मी नशिबाला शिव्या घालत होतो. नागपूरचा मित्र गाडी चालवत होता. तो म्हणाला, "टर्नला पॉट किती होता बे?" मला सांगता येईना. मग त्यानेच हिशोब मांडला. पोरग्याला न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९, म्हणजे साधारण पाचात एकदा त्याचा फ्लश लागणार. समोर ११० पडलेले आणि त्याला भरायचे फक्त २०, म्हणजे एकूण १३० मधले २०. इतक्या स्वस्तात १५-१६ टक्के संधी असली तरी पुरते, त्याला तर जवळपास २० होती. "तू त्याला सेल लावून दिला ना बे! ६० लावले असते तर त्याला २८-२९ टक्के लागले असते. मग येऊ दे की त्याला, दर वेळी येऊ दे."

हे ऐकल्यावर खोड कुठून आली ते उमगलं. तीन पत्तीत चाल आधीच्या माणसाच्या चालीवर ठरते. त्याने डोळस खेळून १० टाकले तर आपण १० किंवा फार तर २०. मधे ढिगारा केवढा झालाय याच्याशी चालीचा संबंध नसतो, त्यामुळे तो कोणी मोजत नाही. मी पोकरमध्येही तेच करत होतो: आधी १५, मग जरा धीर करून २०. ढीग वाढत होता आणि माझी चाल होती तिथेच होती.

मग महिनाभर एकच नेम केला. बेट लावण्याआधी पॉटचा आकडा मनात म्हणायचा आणि मगच चिप्सना हात लावायचा. सुरुवातीला डीलर ताटकळायचा. पण पॉट मोजायला लागल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. या टेबलावर ज्याला कॉल करायचाच असतो तो आकडा फारसा बघतच नाही. चांगल्या हातावर मी अर्धा पॉट लावत होतो, तो पाऊण केला, मग पूर्ण. पैसे देणारे तेच, तितक्याच उत्साहाने. उलट अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा तरी चालला तरच पदरचं जात नाही, आणि इथे राजाची एक जोडी धरून बसलेला माणूस घर विकेल पण पानं टाकणार नाही. मी ब्लफ जवळजवळ सोडूनच दिला. अजूनही कधी हात शिवशिवतात, तो भाग वेगळा.

समोरच्याचा हात ओळखणं मात्र फार हळू जमलं, आणि तेही चेहरे बघणं सोडल्यावर. आपण डावात नसताना मी मोबाइल बघायचो, ते बंद केलं. पानं उघडली की डाव मनात उलटा फिरवायचा: हा आधी रेज न करता नुसता ३ टाकून आला होता का, टर्नला किती लावले, तेव्हा त्याच्याकडे काय होतं. काकांना मी असं तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा वरची जोडी (मधल्या सगळ्यात मोठ्या पानाशी जुळलेली) आणि चांगला किकर (हातातलं दुसरं पान), आणि तिन्ही वेळा शेवटपर्यंत नुसता कॉल.

त्यामुळेच पुढचा डाव अवघड गेला. माझ्याकडे दोन एक्के. १५ केले, फक्त काका आले. फ्लॉपला राणी, अठ्ठी, चौकी, तीन वेगळ्या रंगांची. २० लावले, ते आले. पॉट ७०. टर्नला दुर्री. मी ५० लावले आणि त्यांनी, कॉफीचा कप बाजूला ठेवून, १५० केले.

१०० भरायचे, समोर २७०. २७ टक्के वेळा मी पुढे असलो तरी भरायला हरकत नव्हती. मोजायला बसलो. अठ्ठ्या, चौक्या किंवा दुऱ्या यांचा सेट, म्हणजे तीन सारखी पानं, प्रत्येकी तीन प्रकारे होतो, एकूण ९. एक्का-राणी: दोन एक्के माझ्याच हातात, म्हणून उरले ६ प्रकार. राजा-राणी १२. नुसती पानं मोजली तर मी जिंकतो असे १८, हरतो असे ९. कॉल अगदी सरळ दिसत होता.

पण ते १८ सगळे काकांचे कॉल करायचे हात. त्यांनी एका जोडीवर रेज केलेला मी एकदाही पाहिला नव्हता. १८ पुसून टाकले की मागे ९ राहतात, आणि ते नऊच्या नऊ मला हरवणारे. शिवाय रिव्हरला आणखी एक बेट येणार हे उघडच होतं.

दोन्ही एक्के उलटेच ठेवून डीलरकडे सरकवले. काकांनीही पानं न दाखवता सरकवली, चिप्स ओढल्या आणि कप पुन्हा जवळ घेतला. त्यांच्याकडे काय होतं ते विचारायची फार इच्छा झाली. नाही विचारलं. टेबलावर तसं विचारलं तर लोक हमखास खोटं सांगतात, मीही सांगतो.