पिन बसली, पण बाई गप्प

पुण्यात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत गणपतीची कामं वर्षानुवर्षं वाटलेली आहेत. प्रसाद, रांगोळी, वर्गणी, सगळ्याला ठरलेली माणसं. मागच्या वर्षी आठव्या दिवशी पडद्यावर काहीतरी दाखवायचं ठरलं आणि प्रोजेक्टर माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना!" मी अकाउंट्समध्ये आहे. माझा कॉम्प्युटर टॅलीपुरता.

कार्यक्रम तीन तुकड्यांचा होता. भाचीने लॅपटॉपवर केलेला फोटोंचा व्हिडिओ, तळमजल्यावरच्या काकांकडची सोसायटीच्या वास्तुशांतीची डीव्हीडी, आणि शेवटी बायकांचे दोन नाच, गाणी लॅपटॉपवरूनच. प्रोजेक्टर एका क्लासवाल्या मैत्रिणीचा, उसना. मिक्सर आणि स्पीकर साउंडवाल्याचे.

पहिली तालीम आदल्या रात्री. भाचीच्या चपट्या लॅपटॉपला एचडीएमआयचं भोकच नाही, दोन टाइप-सी तेवढी. टाइप-सी टू एचडीएमआयचा अडॅप्टर तिच्याकडे होता. डावीकडे लावला, काही नाही. अडॅप्टर गेला म्हणून हळहळ करून झाली. मग उजवीकडे लावला तर पडदा उजळला. भोकं दिसायला जुळी असली तरी चित्र बाहेर पाठवायची सोय प्रत्येकात असतेच असं नाही. काहींतून नुसतं चार्जिंग आणि पेन ड्राइव्ह. शेजारी डिस्प्लेपोर्टचं 'डी'सारखं चिन्ह किंवा विजेची खूण आहे का ते बघायचं. इथे उजव्या भोकाशेजारी वीज होती, आम्ही चष्मा न लावता बघत होतो.

चित्र आलं, पण त्यात चमचम ठिपके, आणि दर मिनिटाला पडदा काळा. वायर १५ मीटरची होती, साउंडवाल्याच्या पेटीतली. एचडीएमआयची साधी वायर इतकी लांब झाली की तिच्यातून मोठं चित्र धडपणे जात नाही. दुसरी वायर नव्हती. मग लक्षात आलं की प्रोजेक्टर जुना, त्याची मूळ मांडणीच १०२४ बाय ७६८ ठिपक्यांची. आम्ही मात्र त्याला १९२० बाय १०८० पाठवत होतो. तो बिचारा ते घेऊन पुन्हा लहान करत होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्याच्याच मापाचं चित्र पाठवलं. वायरवरचा बोजा निम्म्याहून कमी झाला, ठिपके थांबले, वर अक्षरंही आधीपेक्षा ठळक दिसायला लागली. सगळ्या संध्याकाळीत फुकट मिळालेली गोष्ट ही एकच.

विंडोज आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' केलं होतं, त्यामुळे भाचीला आलेला मेसेज दहा फुटी चादरीवर सेक्रेटरींनी वाचला. तेव्हापासून 'एक्स्टेंड'. व्हिडिओ पडद्यावर, बाकीचं आपल्याकडे.

काकांच्या डीव्हीडीने मात्र काही त्रास दिला नाही. पिवळी पिन प्रोजेक्टरच्या पिवळ्या भोकात, लाल-पांढरी मिक्सरला, रिमोटवर सोर्समध्ये 'व्हिडिओ', झालं. चित्र पुसट, ५७६ ओळींचं चित्र चादरीएवढं ताणल्यावर आणखी काय होणार? पण काकांनी अशा नजरेने बघितलं की प्लेअर त्यांनीच घरी बनवला असावा.

आता आवाज. चित्राचं बिघडलं की सगळ्यांना दिसतं आणि दहा जण सल्ला देतात. आवाजाचं बिघडलं की प्रत्येकाला वाटतं, गाणंच तसं आहे.

आधी तो स्पीकरमधून येईचना. एचडीएमआय जोडलं की लॅपटॉप आवाजही तिकडेच पाठवतो, म्हणजे गाणं प्रोजेक्टरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरमधून कुजबुजत होतं. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर जाऊन 'हेडफोन' निवडलं. साउंडवाल्याच्या पोऱ्याने एक वायर काढली: एका टोकाला ईपी पिन, आपली हेडफोनची, दुसऱ्याला जाडी ६.३५ मिलिमीटरची. बारकी लॅपटॉपला, जाडी मिक्सरला. दोन्ही खट्‌कन बसल्या.

ढोलकी आली. झकास आली. पण गाणाऱ्या बाई नाहीत! नीट कान दिला तर शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात कोणी गातंय तसा आवाज, नुसता घुमारा. पोऱ्या म्हणाला, "ताई, कराओकेचा ट्रॅक असेल." फोनवर इअरफोन लावून त्याला ऐकवलं. बाई खणखणीत गात होत्या. दुसरं गाणं लावलं, खूप जुनं. त्यात ढोलकीसुद्धा नाही. शांतता.

मला वाटलं डाव्या-उजव्याचा काहीतरी घोळ असणार, म्हणून लॅपटॉपमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू केलं. आता पहिलं गाणंही साफ बंद.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. ते उठले, मिक्सरमधली पिन उपटली आणि चष्मा वर करून म्हणाले, "हिला काळी वर्तुळं किती गं?" दोन. "म्हणजे स्टिरिओ. आणि हे भोक माइकच्या जातीचं."

त्यांनी सांगितलं ते असं. माइकची लांब वायर वाटेत खरखर गोळा करते. म्हणून चांगला माइक एकच आवाज दोन तारांवर पाठवतो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो. उलट्याची वजाबाकी म्हणजे बेरीज, आवाज दुप्पट. खरखर दोन्ही तारांवर सारखी, ती कटते. आमच्या वायरीने त्याच दोन तारांवर गाण्याची डावी आणि उजवी बाजू पाठवली. गायिका बहुतेक वेळा मधोमध असते, म्हणजे दोन्हीत सारखी. ढोलकी एका अंगाला होती म्हणून वाचली. जुनं रेकॉर्डिंग मुळातच मोनो, दोन्हीकडे तंतोतंत एकच, उरणार काय? आणि मी मोनो करून राहिलेली ढोलकीही मारली होती.

अकाउंट्सवालीला हे पटकन कळलं. दोन्ही बाजूंना सारखी रक्कम, शिल्लक शून्य. मिक्सरच्या मते बाई म्हणजे खरखर.

खात्री करायला आजोबांनी मोनो बंद करून लॅपटॉपची उजवी बाजू शून्यावर आणायला लावली. वजा करायला काही उरलंच नाही आणि बाई हजर. पोऱ्याने माझ्याकडे नाही, आजोबांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून तपकीर गल्ली, पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गणपतीत पेठेत गाडी नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणून ती डेक्कनला लावून लकडी पुलावरून चालत गेले. दुकानदाराला म्हटलं, "एकीकडे ईपी, दुसरीकडे दोन पी-थर्टीएट, मोनो." पी-थर्टीएट म्हणजे तीच जाडी पिन, पण एकाच काळ्या वर्तुळाची. त्याने मान वर न करता वायर टाकली. मला मात्र उगाच एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. डावं एका चॅनेलला, उजवं दुसऱ्याला. भोकं माइकच्या जातीची असली तरी मोनो पिन दुसऱ्या तारेवर काही पाठवतच नाही, मग वजाबाकी कशाची?

संध्याकाळी आणखी एक भानगड. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून 'हूंऽऽ', काढला की बंद. लॅपटॉप मांडवाच्या लाइटिंगच्या बोर्डावर होता आणि मिक्सर हॉलच्या. दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटांनी फिरलं की आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आवाजाच्या वायरीत शिरते. एकाने चार्जरची अर्थची पिन मोडायचा तोडगा सुचवला. त्याला लांब बसवलं. लॅपटॉप, प्रोजेक्टर, मिक्सर सगळं एकाच बोर्डावर आणलं तशी घरघर पार दबली. उरलेली ऐकू येण्याइतकी शांतता आमच्या हॉलमध्ये कधी नसते.

फोटोंचा व्हिडिओ झाला, वास्तुशांतीही झाली. बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि मी गाणं लावलं. सुरुवातीचे वीस सेकंद नुसती ढोलकी. तालमीत इतक्यांदा ऐकूनही ते वीस सेकंद मी विसरले होते. मी मिक्सरकडे बघितलं, पोऱ्याने माझ्याकडे, आजोबांनी आम्हा दोघांकडे.

मग बाई आल्या.