दहावी शिकलेल्या बाईनं कुणाचं मन सांभाळायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एसटी स्टँडवर विचारलाय, एका डॉक्टरांनी तर समोर बसवून विचारलाय: "चार-पाच दिवसांच्या ट्रेनिंगवर दहावी शिकलेल्या बाईला लोकांच्या मनाशी खेळायला पाठवता, हे बरं आहे का?" गावात मनानं खचलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, त्याला आधार द्यायचा, हे ट्रेनिंग बचतगटातल्या बायका, आशाताई, अधूनमधून एखादे निवृत्त गुरुजी यांना मी देते. तेव्हा प्रश्न माझ्याच दारात येणार.

त्या बाईनं नाही जायचं, तर जायचं कुणी? 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधारण दर दहा प्रौढांतल्या एकाला मनाचा काही ना काही आजार आढळला, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचारांशिवाय होते. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. तिथं जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, सोबत कुणाला तरी न्यायचं आणि "कुठं चाललात?" याचं उत्तर आधीच तयार ठेवायचं. झिम्बाब्वेतल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांची एक तरुण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचली नाही, कारण घरच्यांकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. तिनं जीव दिला. त्यानंतर, 2006 मध्ये, त्यांनी हरारेच्या म्बारे भागातल्या आज्यांना लोकांचं ऐकून आधार द्यायला शिकवलं आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. पुढं 573 लोकांवर रीतसर चाचणी झाली, आणि सहा महिन्यांनी बाकावर बोलून गेलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्ट कमी दिसला.

आफ्रिका लांब वाटत असेल तर गोवा घ्या. तिथल्या 'संगत' संस्थेनं मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. त्याआधीच्या, 2010 च्या त्यांच्याच अभ्यासात सरकारी केंद्रांत फरक पडला, खासगी दवाखान्यांत पडला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जाहिरात करतेय.

आता त्या चार-पाच दिवसांत शिकवतो काय? खरं तर सोडायला शिकवतो. आपल्याकडं सल्ल्याला कधी दुष्काळ नाही. "मन घट्ट कर", "नामस्मरण कर", "लग्न लावून द्या, सुधारेल". पहिल्या दिवशी जोड्या लावतो. एकीनं पाच मिनिटं बोलायचं, दुसरीनं फक्त ऐकायचं. दीड मिनिटात "अगं, माझ्या जावेचं पण अस्संच" सुरू होतं. गुरुजी लोकांना तर एक मिनिटही जड जातं. हसतात सगळे, पण तिसऱ्या दिवसापर्यंत तोंड आवरायला लागतात.

मग ओळखायचं कसं ते येतं. "मला नैराश्य आलंय" असं गावात कुणी म्हणत नाही. डोकं जड आहे, झोप नाही, छातीत धडधडतं, हातपाय गळाल्यासारखे वाटतात असं सांगतात आणि सलाइन लावून घरी येतात. अशा बाईशी बोलून तिनं काय काय सोडून दिलंय ते शोधायचं: भजनाला जाणं, परड्यातली मेथी, बहिणीला फोन. त्यातलं एकच, सगळ्यात सोपं, या आठवड्यात पुन्हा सुरू करायचं. कधी, कुठं, कुणाबरोबर, एवढं ठरवून. वाचायला फार पोरकट वाटतं, मलाही वाटलं होतं, पण गोव्याच्या त्या भेटींचा गाभा हाच आहे. आणि कधीकधी दुःखाचं मूळ कागदात असतं. नवरा गेल्यापासून दोन वर्षं संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अडकलाय, तर तलाठ्याकडं सोबत जाणं हाच त्या आठवड्याचा उपचार.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायला शिकवतो. इथं वर्गात चुळबुळ होते. विचारलं तर डोक्यात भरेल अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारल्यावर माणूस बोलतो. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घराबाहेर काढायचं, घरच्या एका तरी माणसाला जागं करायचं, मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस या सरकारी फोनसेवेच्या 14416 नंबरवर फोन लावायचा आणि डॉक्टरपर्यंत स्वतः न्यायचं. पोलिस केस होईल म्हणून लोक लपवतात. त्यांना 2017 चा कायदा सांगायचा: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही.

कानात आवाज येणं, सगळ्यांवर संशय, दिवसेंदिवस न झोपता बडबड, यात आमच्या बाईनं समुपदेशन करायचंच नाही. डॉक्टरकडं न्यायला गाडी बघायची. गोळ्या सुरू झाल्या की त्या बंद पडू नयेत एवढं पाहायचं. देवऋषीकडं जाणाऱ्यांशी भांडायचं नाही. तिकडं जा, पण गोळी चुकवू नका, असं म्हणायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ऐकलेलं पोटात ठेवणं, आणि ती नुसत्या ट्रेनिंगनं येत नाही. जिच्याशी बोलायचं ती शेजारीण, तिची सासू आपल्याच भिशीत. संध्याकाळी नळावर सासू विचारणार, "काय म्हणत होती गं आमची?" इथं गप्प बसलं तरी अर्थ निघतो. म्हणून आम्ही उत्तरंसुद्धा घोकून घेतो: "भिशीचं विचारत होती." आणि बोलायचं ते घरात नाही, शेताच्या बांधावर, पिठाच्या गिरणीच्या वाटेवर, जिथं दोन बायका उभ्या दिसल्या तर कुणाला काही वाटत नाही. एकदा बाहेर फुटलं की आमच्या बाईकडं गावात पुन्हा कुणी येत नाही. म्हणून निवडतानाच आम्ही गावात विचारतो, अडीनडीला कुणाकडं जाता? जी नावं येतात ती बहुतेक वेळा हात वर करून पुढं आलेल्यांची नसतात.

तेव्हा डॉक्टरसाहेबांचा आक्षेप अर्धा मला मान्य आहे. चार-पाच दिवसांवर कुणाला सोडून देणं चूकच. गोव्यात समुपदेशक आपल्या भेटींची रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकायचे, एकमेकांना गुण द्यायचे. रेकॉर्डिंग आम्हाला जमत नाही, पण दर पंधरवड्याला बसतो. काय बोललीस, कुठं अडलीस, तुला स्वतःला झोप लागते का? ज्या कार्यक्रमांत ही बैठक बंद पडते, तिथं सर्टिफिकेट भिंतीवर राहतं आणि बाई पुन्हा सल्ले द्यायला लागते. पण निधी मागायला जा, ट्रेनिंगला पैसे मिळतात, कारण त्याचा फोटो निघतो. पंधरवड्याच्या बैठकीच्या एसटी भाड्याला मिळत नाहीत. आणि त्या बायकांच्या मानधनाचा विषय काढला की समोरचा म्हणतो, "अहो, हे तर सेवेचं काम!" असं म्हणणाऱ्याला पगार असतो.