आमची वाटचाल : कंपालाला का गेलो नाही

पांढरकवड्यात आम्ही जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस घेऊन त्यातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवात केली तेव्हा काट्यावरचं वजन मुनीम चिठ्ठीवर लिहायचे आणि त्यावरून शेतकऱ्याची हिशेबपट्टी निघायची. आता काट्याची केबल थेट संगणकाला जोडलेली असते. पण गाडी काट्यावर चढली की आकडा बराच वेळ हलतो. ड्रायव्हर खाली उतरला, कोणी फाळक्याला टेकलं, तरी बदलतो. आकडा पूर्ण थांबल्याशिवाय वजन नोंदवायचंच नाही आणि नंतर कोणी ते बदललं तर जुना आकडाही पट्टीवर छापायचा, ही कल्पना आमच्या एका सहकाऱ्याची. शेतकऱ्यांचा विश्वास बसला तो तिच्यामुळे.

तेच दाखवण्यासाठी युगांडातल्या कंपालाहून एका तंत्रज्ञान परिषदेचं बोलावणं आलं. युगांडात कापूस पिकतो, तिथल्या जिनिंगशी भारतीय व्यापाऱ्यांचा जुना संबंध आहे. परदेशातलं पहिलं गिऱ्हाईक मिळेल अशी आशा आम्हा सगळ्यांनाच वाटली.

हा सहकारी समलिंगी आहे. त्याच्या घरी आणि ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हा मजकूर आधी त्यानेच वाचला आहे. युगांडात मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या सहीने आलेल्या कायद्यात समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे, काही प्रकारांत फाशी. 'प्रचार' केला तर २० वर्षांपर्यंत कैद. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने थोडी कलमं काढली, बाकी कायदा कायम ठेवला.

"मंग त्याले न नेता आपन दोघंच जाऊ ना वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हिशेब धंद्याचा होता. तोही म्हणाला, "ताई, मी येतो. चार दिवस गप्प राहीन." मला दोन्ही पटलं नाही. काम त्याचं आणि मंचावर आम्ही, हे कसं चालेल? आणि गप्प राहणं म्हणजे काय, ते त्याला चांगलं माहीत आहे. आपल्याकडे इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. तोवर कोणीही धमकावून पैसे उकळेल ही धास्ती होती, असं तो सांगतो. त्याच धास्तीत त्याला कंपनीच्या खर्चाने पाठवायचं मला जमणार नव्हतं.

नकाराच्या पत्रात कारण स्पष्ट लिहिलं : तुमच्या देशातला हा कायदा लागू असेपर्यंत आमचे सगळे सहकारी तिथे सुरक्षित नाहीत, म्हणून कोणीच येणार नाही. कोणाचंही नाव घातलं नाही. बोलावणाऱ्यांवर रोषही धरला नाही. कायदा त्यांनी केलेला नाही, आणि त्यांच्यातही कोणी आमच्या सहकाऱ्यासारखा असेलच. त्याला तर परतीचं तिकीट नाही. उद्या तिथल्या एखाद्या जिनिंगला आमचं सॉफ्टवेअर हवं असेल तर इथूनच ऑनलाइन शिकवू.

भाऊजींना आठवडाभर रुखरुख होती. मग तेच म्हणाले, तेलंगणातलं आदिलाबाद तर इथून जवळच आहे, तिथेही कापूस आहेच. प्रवासासाठी ठेवलेला पैसा आम्ही तिकडे लावला. सध्या हिशेबपट्टी तेलुगूत छापायचं काम चालू आहे. ते तोच करतो आहे, आणि दसऱ्यानंतर आवक सुरू व्हायच्या आत त्याला ते पुरं करायचं आहे.